चेक चेकबुकातच होता, तरी पैसे गेले. कागदी चेक आणि महत्त्वाची कागदपत्रं सांभाळायची कशी?

कर्वेनगरी (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या खात्यातून साडेचार लाखांच्या आसपास रक्कम एका चेकने गेली. एसएमएस आला तेव्हा वाटलं, लिफ्टवाल्याचा चेक वटला असेल. नंबर नीट बघितला तर तो पुढच्या पानांपैकी होता. कपाट उघडून चेकबुक काढलं. त्या नंबरचं पान कोरं करकरीत, जागच्या जागी. म्हणजे खरा चेक आमच्याकडे, आणि त्याच नंबरचा दुसरा चेक कुठल्यातरी परराज्यातल्या शहरात भरला जाऊन वटलासुद्धा.

शाखेत गेलो. त्यांनी स्क्रीनवर चेकचं चित्र दाखवलं. सचिवांची सही बरोबर, माझी सही बरोबर, खाली सोसायटीचा शिक्का. त्या शिक्क्यावरच माझी नजर अडकली. 'सचिव' मधला 'व' अर्धाच उमटलेला आणि शिक्का डावीकडे कललेला. रंगकाम करणाऱ्याला दिवाळीआधी दिलेल्या चेकची झेरॉक्स आमच्या फाइलीत आहे. त्यावर हुबेहूब तसाच कललेला शिक्का आणि तसाच अर्धा 'व'. एकाच चेकवरून दोन सह्या आणि शिक्का उचललेला आहे, यात मला तरी शंका नाही.

बँक म्हणते, सही जुळते, नंबर तुमच्याच चेकबुकातला, आम्ही नियमाप्रमाणे पास केला. सभासद आम्हाला जाब विचारतायत. दोन प्रश्न आहेत. हे पैसे कोणी भरून द्यायचे? आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

खिडकी_नंबर_तीन (सोमवार, रात्री १०:०२)

फार वाईट झालं. आधी उद्या सकाळी करायची कामं सांगतो. त्या चेकबुकातली उरलेली सगळी पानं स्टॉप करा, एखाददुसरं नाही. बँकेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात दोन गोष्टी स्पष्ट मागा: ज्या बँकेत चेक भरला गेला तिला कळवून तिथलं खातं गोठवावं, आणि मूळ कागद मागवून घ्यावा. पोलिसात तक्रार द्या, १९३० या सायबर हेल्पलाइनवरही कळवून ठेवा. कोरं पान चेकबुकातून फाडू नका. तो तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे.

आता हे घडतं कसं ते. मी नोकरीची बरीच वर्षं क्लिअरिंगमध्ये काढली. पूर्वी तुमचा चेक फिरत फिरत तुमच्याच शाखेत यायचा. पास करणारा अधिकारी तो हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, बोटांनी कागद चाचपायचा. मग सीटीएस आलं. २००८ मध्ये दिल्ली, २०११ मध्ये चेन्नई, २०१३ मध्ये मुंबई. आता कागद जिथे भरला तिथेच थांबतो, पुढे फक्त चित्र जातं.

चेकवरची सगळी संरक्षणं कागदात आहेत. उजेडाकडे धरलं की 'सीटीएस-इंडिया' असा जलचिन्हाचा छाप दिसतो. अतिनील दिव्याखाली बँकेचं बोधचिन्ह उमटतं. झेरॉक्स काढली की लपलेला 'व्हॉइड' शब्द वर येतो. यातलं जलचिन्ह आणि अतिनील शाई कागद हातात असलेल्यालाच दिसते. म्हणजे कागद बघणारी बँक तुम्हाला ओळखत नाही, आणि तुम्हाला ओळखणारी बँक कागद बघत नाही. भामटे नेमके या फटीतून शिरतात.

त्यात ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर चालू असतं. ठरलेल्या वेळात चेक सतत जात राहतात आणि तुमच्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवलं नाही, तर चेक मंजूर धरला जातो. ग्राहकाला पैसे लवकर मिळतात हे चांगलंच आहे. पण दोन दिवसांनी पासबुक बघून ओरडा करायची सोय आता उरली नाही.

कर्वेनगरी (सोमवार, रात्री १०:२०)

धन्यवाद साहेब. सकाळीच जातो. पॉझिटिव्ह पे आमच्याकडे आहे, पण पाच लाखांच्या वरच सक्तीचं आहे असं बँकेने सांगितलं होतं. आमची रक्कम त्याच्या आतली.

खिडकी_नंबर_तीन (सोमवार, रात्री १०:४१)

आतलीच असणार. ती रेषा भामट्यांनाही पाठ आहे.

पॉझिटिव्ह पे १ जानेवारी २०२१ पासून आहे. चेक देताना तुम्ही ॲपवर किंवा शाखेत तारीख, घेणाऱ्याचं नाव, रक्कम, चेक नंबर कळवायचा. चेक आला की त्याच्याशी ताडून बघतात, जुळलं नाही तर अडवतात. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ५०,००० आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय बँकेने द्यायलाच हवी, वापरायची की नाही हे खातेदाराने ठरवायचं. ५ लाख आणि वरच्या चेकसाठी बँक सक्ती करू शकते. लोक हे 'पाच लाखांच्या आत गरज नाही' असं वाचतात. माझी कळकळीची विनंती आहे, सोसायटी, संस्था, ट्रस्ट, छोटे कारखाने, सगळ्यांनी पन्नास हजारांपासून प्रत्येक चेक नोंदवा.

आणि एवढंच करून थांबू नका. तुम्ही न दिलेल्या चेकची नोंद तुम्ही करणारच नाही. सक्तीच्या मर्यादेखालचा बनावट चेक आला तर नोंद नाही म्हणून तो आपोआप परत जाईलच असं नाही. म्हणून बँकेला लेखी द्या, की अमुक रकमेच्या वरचा नोंद नसलेला चेक आम्हाला फोन केल्याशिवाय पास करू नये. शिवाय ज्या खात्याचं चेकबुक आहे त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी मुदत ठेवीत किंवा चेकबुक नसलेल्या खात्यात. चोर शिरलाच तर सगळी पुंजी त्याच्या हाती लागू नये.

मनवा_वकील (मंगळवार, सकाळी ८:१५)

कर्वेनगरी, "पैसे कोणी भरून द्यायचे" याचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. धीर सोडू नका.

तुम्ही सही केलेलाच नाही असा चेक म्हणजे बँकेला तुमचा आदेशच नाही. आदेश नसताना दिलेले पैसे बँक तुमच्या खात्याला लावू शकत नाही. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल बघा. तिथे कंपनीच्याच कर्मचाऱ्याने खोट्या सह्या करून एकूण ४२ चेक वटवले होते. बँकेचं म्हणणं होतं की ग्राहकाने इतके दिवस पासबुक तपासलं नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. तुमच्या प्रकरणात तर तुम्ही लगेच कळवलं आहे.

दुसरं, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१. त्याच्या कलम १३१ ला जोडलेलं स्पष्टीकरण असं की जी बँक चेकचा कागद स्वतःकडे ठेवून चित्र पाठवते, तिने तो कागद सकृद्दर्शनी खरा आहे का, त्यात खाडाखोड किंवा बनावटगिरी आहे का, हे सर्वसाधारण काळजीने तपासायचं आहे. आणि कलम ६४(२) प्रमाणे संशय आल्यास तुमची बँक तो मूळ कागद मागवू शकते. खिडकी काकांनी सांगितलेल्या पत्रात ही दोन्ही कलमं लिहा. नुसतं "कृपया मदत करावी" असं पत्र गेलं की ते फाइलीत पडून राहतं.

एक गल्लत बऱ्याच जणांची होते म्हणून सांगते. "तीन दिवसांत कळवलं की शून्य जबाबदारी" हा २०१७ चा नियम ऑनलाइन आणि कार्डाच्या व्यवहारांचा आहे. चेकच्या पत्रात तो लिहिला तर बँक तेवढ्यावरूनच हात वर करील. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक), ३३८ (मौल्यवान रोख्याची बनावट) आणि ३४० (बनावट दस्त खरा म्हणून वापरणं) सांगा.

टाईपघर (मंगळवार, सकाळी ११:३०)

आमचा कोल्हापुरात छापखाना आहे. चेक छापत नाही, त्यासाठी बँकांचे ठरलेले छापखाने असतात. चेकच्या डाव्या कडेला उभं बारीक छापलेलं नाव वाचा, तिथे छापखान्याचं नाव आणि 'सीटीएस-२०१०' असतं. आम्ही प्रमाणपत्रं, गुणपत्रकं, कुपनं करतो, त्यामुळे या कागदांशी रोजचा संबंध आहे.

'व्हॉइड' चं गुपित साधं आहे. पार्श्वभूमीवर दोन प्रकारचे ठिपके असतात, एक जाड आणि विरळ, दुसरे बारीक आणि दाट. डोळ्याला दोन्ही एकाच फिक्या रंगाचे दिसतात. झेरॉक्स मशीनला बारीक ठिपके पकडता येत नाहीत, ते गळतात. जाड ठिपके राहतात आणि त्यांचा शब्द बनतो. पण आता स्कॅनर इतके बारकाईने टिपतात की हा शब्द दरवेळी उमटेलच असं नाही. आणि ज्याला चेक नव्यानेच जुळवायचा आहे तो झेरॉक्स काढतच नाही, कॉम्प्युटरवर सगळं परत आखतो. त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो कागद. बाजारातला पांढराशुभ्र कागद घ्या आणि नोटा तपासायच्या दिव्याखाली धरा, निळसर झगझगतो, कारण त्यात चकाकीचं द्रव्य घातलेलं असतं. चेकचा कागद त्या दिव्याखाली मंद राहायला हवा, तसा दंडकच आहे. आणि त्याच्यावर ब्लीच किंवा विरघळवणारं रसायन पडलं की डाग उठायला हवा. हे दोन गुण घरच्या प्रिंटरवर येत नाहीत. कर्वेनगरींचा तो बनावट चेक ज्या काउंटरवर भरला, तिथे तो दिव्याखाली एकदा धरला असता तर पुढचं काही झालंच नसतं.

ज्या संस्था लेझर प्रिंटरवर चेक भरतात त्यांच्यासाठी एक सूचना. टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो. नीट भाजला गेला नसेल तर खरवडून निघतो. छापल्यावर अक्षरावरून नख फिरवून बघा. रकमेच्या आधी आणि नंतर फुल्या छापा, मोकळी जागा ठेवू नका.

ठाणे_पूर्व (मंगळवार, दुपारी १:०५)

हाताने लिहिणाऱ्यांनी पेन कुठलं वापरावं?

टाईपघर (मंगळवार, दुपारी १:२२)

पिगमेंटची शाई असलेलं जेल पेन. ती शाई कागदाच्या धाग्यांत जाऊन बसते. साध्या बॉलपेनची शाई धुऊन काढता येते. आणि उष्णतेने पुसली जाणारी मुलांची पेनं घरात असतील तर ती चेकबुकाच्या जवळपाससुद्धा नकोत.

मनवा_वकील (मंगळवार, दुपारी २:१०)

टाईपघर दादांनी शाईचं सांगितलं. कायद्यातही त्याला फार मोठा अर्थ आहे, म्हणून हे नीट वाचा.

कर्वेनगरींच्या चेकवर सहीच खोटी आहे, म्हणून बाजू भक्कम. पण समजा चेक तुमचाच, सही तुमचीच, आणि कोणीतरी नाव आणि रक्कम धुऊन नवी लिहिली. त्याच १८८१ च्या कायद्याचं कलम ८९ म्हणतं की फेरफार वरवर दिसत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर बँक मोकळी. म्हणजे खाडाखोड दिसते की नाही यावर तुमचे पैसे अवलंबून आहेत. पुसली न जाणारी शाई आणि डाग उठणारा कागद असेल तर फेरफार उघड दिसतो आणि बँकेला 'दिसलं नाही' म्हणता येत नाही. आपल्या अशिलांना मी हे आवर्जून सांगते.

याच कारणासाठी सीटीएसमध्ये तारखेव्यतिरिक्त कुठलीही दुरुस्ती चालत नाही, सही करून केलेलीसुद्धा नाही. चुकला तर नवा चेक लिहा.

आणि सही करून कोरा चेक कोणाला देऊ नका. भिशीवाला, सावकार, घरमालक, कोणीही मागो. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी त्याच कायद्याच्या कलम १३८ खाली चेक न वटल्याची तुमच्यावर केस होऊ शकते आणि कर्ज नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय.

सांगलीची_सून (मंगळवार, दुपारी ३:४०)

पेनवरून आठवलं. आमच्या सासऱ्यांकडे कर्ज मिळवून देतो म्हणून एक माणूस आला होता. 'कॅन्सल्ड चेक' हवा म्हणाला. चेकवर आडव्या रेघा त्याने स्वतःच्या पेनने मारल्या, वर 'कॅन्सल्ड' लिहिलं आणि "बाबा, पडताळणीसाठी सही तेवढी तुमच्या पेनने करा" म्हणाला. मोठ्या जाऊबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन चेक हातातून घेतला आणि सरळ फाडला. त्याचं पेन पुसलं जाणारं असतं तर सासऱ्यांची सही असलेला कोरा चेक त्याच्या खिशात गेला असता. गावाकडे हे खूप चाललंय. आईवडिलांना सांगून ठेवा.

खिडकी_नंबर_तीन (मंगळवार, दुपारी ४:१५)

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. रद्द चेकवर सही कधीच लागत नाही. आणि सही नसली तरी त्यावर खातं क्रमांक, आयएफएससी, खालच्या पांढऱ्या पट्टीवरचा चेक नंबर आणि नऊ आकडी एमआयसीआर, सगळं असतं. बनावट चेक करणाऱ्याला सही सोडून सगळं तिथेच मिळतं. शक्य तिथे रद्द चेकऐवजी पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्या. त्यावर चेकबुकाची मालिका नसते.

वाशी_सेक्टर_नऊ (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक चेकचा फोटो टाकायची पद्धत आहे, पारदर्शकता म्हणून. हे वाचून धडकीच भरली. पण बंद केलं तर लोक म्हणणार, कमिटी लपवतेय. काय करावं?

कर्वेनगरी (मंगळवार, संध्याकाळी ७:००)

आजच बंद करा. ग्रुपमधले भाडेकरू बदलत राहतात, फोटो कुठे कुठे जातो कोणाला ठाऊक. व्हाउचर नंबर, तारीख, कोणाला, कशासाठी, किती, एवढा तक्ता टाका. ज्याला चेकची प्रत बघायची आहे त्याने ऑफिसात येऊन फाइल बघावी. सभासदाचा हक्क त्याने कुठेही कमी होत नाही.

एडिसनची_रेवती (मंगळवार, रात्री ११:५०)

इकडे अमेरिकेत चेक अजून पोस्टाने पाठवतात आणि चोर टपालपेट्या फोडून, शाई धुऊन, नाव-रक्कम बदलतात. २०२३ मध्ये अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाने यावर खास इशारा काढला होता. चेकच्या गैरव्यवहारांबद्दल बँकांनी पाठवलेल्या संशयास्पद अहवालांची संख्या २०२१ मध्ये साडेतीन लाखांच्या वर होती, २०२२ मध्ये ६ लाख ८० हजारांच्या वर गेली. आम्ही चेक टाकायचाच असेल तर पोस्ट ऑफिसच्या आतल्या खिडकीवर देतो, रस्त्यावरच्या निळ्या पेटीत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींना एक विनंती. पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटच्या खर्चासाठी सह्या केलेले कोरे चेक नातेवाइकांकडे ठेवून येतो आपण. ते परत मागवून फाडा. मेंटेनन्स खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देता येते.

नाशिकरोड (बुधवार, सकाळी ९:२०)

चेकपलीकडच्या कागदांबद्दल थोडं. मी नाशिक रोडचा. आमच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्ट आणि मुद्रांक छापले जातात. तेलगी प्रकरण इथल्या लोकांच्या मनाला लागलेलं आहे, कारण त्याने प्रेसमधली मोडीत काढलेली यंत्रंच मिळवली होती. २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली, २००७ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. छपाई कितीही कठीण करा, यंत्र आणि कागदच चोराच्या हाती लागला तर खरा-खोटा मुद्रांक डोळ्याने ओळखायचा कसा?

त्यानंतर विचारच बदलला. आता महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ग्रास प्रणालीवर ऑनलाइन भरतो आणि दस्त नोंदवताना दुय्यम निबंधक ते चलन डिफेस करतो. एकदा डिफेस झालं की तेच चलन दुसऱ्या दस्ताला वापरता येत नाही. खरेपणा कागदात नाही, नोंदीत आहे. म्हणून घर घेताना विक्रेत्याने दाखवलेल्या करारनाम्यावर समाधान मानू नका, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, स्वतः काढा. सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा घ्या आणि त्यावरचा पडताळणी क्रमांक तपासा.

विद्या_पनवेल (बुधवार, सकाळी ११:०५)

नाशिकरोड यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. मी कंपनीत भरतीचं काम बघते. पदवी प्रमाणपत्रावर चमचमता होलोग्राम असला की लोक निश्चिंत होतात. होलोग्रामचे रोल विकत मिळतात. आम्ही डिजिलॉकरमधून आलेली किंवा थेट विद्यापीठाकडून पडताळलेली प्रतच धरतो.

क्यूआर कोडबद्दल सावध राहा. नुसता दुवा असलेला कोड कोणीही बनवतो आणि तो दुवा त्यांच्याच खोट्या पानावर नेतो. आधारच्या क्यूआरमध्ये माहितीवर डिजिटल स्वाक्षरी असते, अधिकृत ॲपने स्कॅन केला तरच ती तपासली जाते. तेव्हा साध्या कॅमेऱ्याने नाही, त्या संस्थेच्या ॲपने स्कॅन करा.

आणि झेरॉक्सच्या दुकानात आधार-पॅन देताना मास्क्ड आधार द्या, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. प्रतीवर आडवं लिहा: 'फक्त अमुक कामासाठी', तारीख आणि सही. अक्षरं मजकुरावरून जाऊ देत, कडेला लिहिलं तर कापून टाकता येतं.

ठाणे_पूर्व (बुधवार, दुपारी १२:४०)

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचं काय? ते तर स्टेशनरीच्या दुकानात कोरं मिळतं.

टाईपघर (बुधवार, दुपारी १:३०)

मिळतंच. त्यामुळे त्या छापील कागदाला स्वतःची अशी काही सुरक्षा नाही. नव्याने छापून घेणार असाल तर डागाळणारा कागद, सोसायटीचं नाव बारीक अक्षरात गुंफलेली किनार, आणि मागच्या बाजूपर्यंत झिरपणाऱ्या लाल शाईचा अनुक्रमांक घ्या. झिरपलेला आकडा खरवडला तर कागदालाच भोक पडतं. पण खरी मदार तुमच्या आय रजिस्टरवर, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीवर. विकत घेणारा किंवा बँक विचारायला आली की सचिवांनी सर्टिफिकेट न बघता आधी रजिस्टर उघडावं: नंबर, नाव, कर्जाचा बोजा. उरलेले कोरे फॉर्म कुलपात, मोजून.

कर्वेनगरी (पुढच्या गुरुवारी, रात्री ८:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. मनवाताईंच्या मजकुराप्रमाणे कलमांसह पत्र दिलं आणि बँकेचा सूरच बदलला. मूळ कागद मागवला गेला. आज शाखेत मला आणि सचिवांना बोलावून दाखवला. जलचिन्ह नाही. दिव्याखाली धरल्यावर पूर्ण कागद निळा झगझगला. आमचं कोरं पान शेजारी ठेवलं, ते काळपट राहिलं आणि त्यावर बँकेचं चिन्ह उमटलं. व्यवस्थापकांनी दोन्हींचा फोटो अहवालाला जोडला. रक्कम परत करायचा प्रस्ताव वर पाठवलाय, अजून जमा झालेली नाही. चेक भरलेल्या खात्यात थोडेच पैसे उरलेत, तेवढे गोठवलेत. गुन्हा नोंदवला गेला.

कमिटीत ठरलं: पन्नास हजारांपासून पॉझिटिव्ह पे, खात्यात दोन महिन्यांच्या खर्चापुरतीच शिल्लक, ठेकेदारांना शक्य तिथे एनईएफटी. एक राहिलं. सह्यांच्या खाली रबरी शिक्का मारावा की नाही?

खिडकी_नंबर_तीन (गुरुवार, रात्री ९:०५)

छान बातमी. प्रस्तावाचा पाठपुरावा दर आठवड्याला लेखी करा आणि ३० दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. शिक्का लागतो की नाही हे तुमच्या खात्याच्या मॅन्डेटवर, म्हणजे सह्या कोणाच्या आणि कशा हव्यात याच्या बँकेतल्या सूचनेवर, अवलंबून. लागत असेल तर सहीवर चढू देऊ नका, चित्रात सही धूसर होते आणि ताडणाऱ्याचं लक्ष शिक्क्याकडे जातं. सही मोकळ्या जागेत, 'प्लीज साइन अबव्ह' च्या वर, आणि खालची पांढरी पट्टी पूर्ण कोरी.

कर्वेनगरी (गुरुवार, रात्री ९:१२)

मॅन्डेट उद्या बघतो. जुन्या चेकबुकातली स्टॉप केलेली पानं पोलिसांनी पंचनामा केल्यावरच नष्ट करायची ना?

मनवा_वकील (गुरुवार, रात्री ९:३०)

पंचनाम्यानंतरही नाही. खटला संपेपर्यंत जपून ठेवा. प्रत्येक पानावर दोन रेघा मारून ठळक 'रद्द' लिहा, फक्त त्या एका पानाला हात लावू नका. ते पाकिटात घालून, वर सचिवांची आणि तुमची सही करून, पोलिसांनी जप्त करेपर्यंत लॉकरमध्ये ठेवा. जप्तीची पावती घ्यायला विसरू नका.